नीट-एमडीएस आणि २०० किलोमीटरची ब्रेव्हे : सोलापुरातील प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

दवाखान्यातील काम, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि लांब पल्ल्याची सायकल या तीन गोष्टी एकाच हंगामात ज्यांना जमवायच्या आहेत, त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवत आहे. माझी परिस्थिती अशी आहे : बीडीएसची (दंतवैद्यकाची पदवी) इंटर्नशिप संपली असून मी सोलापुरात घरी राहते आणि जुळे सोलापुरातील एका खासगी दंत दवाखान्यात मॅडमच्या हाताखाली काम करते. दवाखान्याची वेळ सकाळी १० ते दुपारी १.३० आणि संध्याकाळी ५.३० ते रात्री ९ अशी आहे. नीट-एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, जानेवारीअखेर होईल असे धरून अभ्यास आखला आहे, आणि फेब्रुवारीअखेरची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, हे सायकलीचे उद्दिष्ट ठेवले आहे. ती साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. आधी परीक्षा आणि मग सायकल, असा सोयीचा क्रम आहे.

सायकल जुनी घेतली, २६,००० रुपयांना. गोल वळणाच्या हँडलबारची रोड सायकल आहे, आणि आधीच्या मालकाने ती फारशी चालवलेली नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारे जाकीट, हातपंप आणि दोन जादा ट्यूब यांवर आणखी ६,४०० रुपये गेले. पहाटे ५ ते ७ सायकल, रात्री १० ते १ अभ्यास आणि आठवड्यातील पाच दिवस तोच क्रम, असे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे. उजाडेपर्यंत स्कूटरवरून मागे येण्याची अट बाबांनी घातली, ती मी मान्य केली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागरीनिमित्त चालत तुळजापूरला निघालेल्या लोकांनी तुळजापूर रस्ता भरून गेला होता. हिप्परग्याच्या तलावाच्या अलीकडूनच परत फिरले. नव्याने सायकल सुरू करणाऱ्या सोलापूरकरांनी कोजागरीच्या आसपासचे दिवस त्या रस्त्यासाठी धरूच नयेत. अक्कलकोट रस्ता किंवा विजापूर रस्ता धरावा.

परतताना बाभळीच्या काट्याने मागची ट्यूब गेली. ट्यूब बदलून निघाले, तर शंभर मीटरवर तीही बसली, कारण टायरमध्ये अडकून राहिलेले काट्याचे टोक मी काढलेच नव्हते. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला आणि पहिला रुग्ण मॅडमना घ्यावा लागला.

१० नोव्हेंबर, रविवार

भिंतीवरचे वेळापत्रक आज काढून टाकले. ते का बसले नाही, याची कारणे सविस्तर लिहिते, कारण अशी वेळापत्रके सगळेच करतात.

पहिले कारण पाणी. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि आले तर ते पहाटे चारला येईल की सकाळी साडेसहाला, याचा भरवसा नसतो. आईचे गुडघे दुखतात, बाबा माझ्यामागे स्कूटरवर असतात, त्यामुळे मोटर लावणे, वरची टाकी आणि खालची पिंपे भरून घेणे हे काम माझ्याकडेच येते. पाण्याच्या दिवशी सायकल होत नाही, हे वेळापत्रकात धरलेले नव्हते. पाण्यामुळे बुडालेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढायला गेले की त्या दिवसाचा अभ्यास बुडे, आणि अभ्यास भरून काढायला गेले की झोप.

दुसरे कारण झोपच. रात्री एकला झोपून पावणेपाचला उठणे आठवडाभर जमते. तिसऱ्या आठवड्यात सरावपरीक्षेच्या गुणांत त्याचा हिशेब दिसतो. नीट-एमडीएसमध्ये २४० प्रश्न आणि ९६० गुण असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. त्यातही १०० प्रश्नांचा पहिला भाग ७५ मिनिटांचा आणि १४० प्रश्नांचा दुसरा भाग १०५ मिनिटांचा असतो, आणि पहिल्या भागाची वेळ संपली की त्याकडे परत वळता येत नाही. माझे गुण ४९० वरून ४३० पर्यंत उतरले. उत्तरपत्रिका तपासल्यावर दिसले की न आलेले प्रश्न वाढलेले नव्हते. येत असलेले प्रश्न घाईने वाचून चुकवले होते; 'यांपैकी कोणते नाही' असे विचारलेले असताना 'कोणते आहे' याचे उत्तर दिले होते.

नवी मांडणी अशी केली आहे. सायकल आठवड्यात तीनच दिवस : मधल्या दोन दिवशी प्रत्येकी सव्वा तास आणि रविवारी लांब पल्ला. पाण्याचा दिवस आला तर मधली फेरी सोडून द्यायची, भरून काढायची नाही. रात्रीचा अभ्यास साडेअकराला बंद. त्याऐवजी दुपारचा रिकामा वेळ वापरायचा. सोलापुरात दुपारी दीडपासून साडेपाचपर्यंत निम्म्या बाजारपेठेची शटरे खाली असतात आणि आमचा दवाखानाही बंद असतो. त्या चार तासांत जेवण आणि तीन तासांची पूर्ण सरावपरीक्षा अगदी बरोबर बसते. इतके दिवस तो वेळ मी घरी येऊन झोपण्यात घालवत होते आणि वर रात्री जागत होते.

२ डिसेंबर, सोमवार

काल अक्कलकोटला जाऊन पुढे थोडे अंतर वाढवून परतले, एकूण ९० किलोमीटर. पाय चांगले चालले. वळसंगच्या पुढे परतीला उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. हात झटकला की तात्पुरते बरे वाटे. घरी आल्यावर तासाभरात जाईल असे वाटले होते, पण आज सकाळीही ते गेलेले नव्हते.

दंतवैद्यकात अनामिका हे बिनकामाचे बोट नाही. स्केलर, म्हणजे दातांवरचा साचलेला थर काढण्याचे (स्केलिंगचे) अवजार, आपण लेखणीसारखा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतो आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवतो. हाताचा सगळा तोल त्या टेकूवर असतो. आज खालच्या पुढच्या दातांचे स्केलिंग करताना दात ओले होते, टेकू सरकला आणि तो सरकल्याचे मला बोटाला कळले नाही, डोळ्यांनी दिसले तेव्हा कळले. हिरडीला काही झाले नाही. मॅडम शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, थांब. हात दाखव आधी." पुढचे स्केलिंग त्यांनी पूर्ण केले, आणि हात पूर्ववत होईपर्यंत स्केलिंग व दात काढणे माझ्याकडे न देण्याचे त्यांनी ठरवले. माझे पैसे कामाच्या टक्केवारीवर असल्यामुळे त्याचा थेट परिणाम महिन्याच्या मिळकतीवर होणार आहे.

घरी येऊन परीक्षेसाठी पाठ केलेले स्वतःवरच तपासले. करंगळीच्या तळव्याकडील बाजूला कापसाचा स्पर्श मंद लागत होता, पण हाताच्या मागील बाजूला, करंगळीच्या मुळाशी, स्पर्श अगदी नेहमीसारखा होता. अल्नार नसेची (करंगळीकडे जाणारी नस) हाताच्या मागील भागाकडे जाणारी फांदी मनगटाच्या वरच फुटते, त्यामुळे दाब कोपराशी असता तर मागची बाजूही बधिर झाली असती. म्हणजे दाब मनगटाशी, गियॉन कालव्यात, म्हणजे ही नस तळहातात शिरते त्या अरुंद वाटेत आहे. हँडलबारवर तळहाताचा जो भाग टेकतो, बरोबर तिथे. अंगठा आणि तर्जनी यांत कागद धरून आईला ओढायला सांगितला. पकड टिकली आणि अंगठ्याचे टोक वाकले नाही, म्हणजे स्नायूंची फांदी अजून ठीक आहे. ३ डिसेंबरची भर : अस्थिरोगतज्ज्ञांनी हेच सांगितले आणि ६०० रुपये घेतले. दोन आठवडे सायकल बंद.

८ डिसेंबर, रविवार

सायकल बंद असताना मी जाड जेलच्या गाद्यांचे हातमोजे मागवले, ८५० रुपये. दुखणे तळहाताला आहे म्हणून तळहाताखाली गादी घालायची, एवढाच विचार त्यामागे होता. घरात सायकल भिंतीला टेकवून, मोजे घालून हँडलबारवर दहा मिनिटे बसून पाहिले, तर बोटांना मुंग्या आधीपेक्षा लवकर आल्या. जेलची फुगलेली गादी नेमकी त्या कालव्यावरच येत होती. हे पैसे वाया गेले.

१५ डिसेंबर, रविवार

बधिरपणाचे खरे कारण सापडले, आणि ते हँडलबारवर नव्हतेच.

सात रस्त्याजवळ सायकलींचे दुकान चालवणाऱ्या एका काकांकडे सायकल नेली. त्यांनी हँडलबारकडे पाहिलेही नाही; सीटवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि तिच्यावर पाणपातळी. बुडबुडा पार एका टोकाला गेला. आधीच्या मालकाने सीटचे नाक बरेच खाली झुकवून ठेवले होते आणि मी ती तशीच चालवत होते. सीट पुढे झुकलेली असली की चालवणारा सतत पुढे घसरतो आणि ते घसरणे रोखण्यासाठी कळतनकळत हात ताठ करून हँडलबारला रेटतो. अक्कलकोटच्या फेरीत माझ्या कमरेवरचे ओझे तासन् तास तळहातांवर होते. एवढे कळल्यावर आणखी एक गोष्ट उलगडली : लांब फेरीनंतर दंडाच्या मागचे स्नायू का दुखत, याचे मला कोडे होते.

काकांनी सीट समतल केली, तिची उंची थोडी उतरवली आणि हँडलबार जवळ यावा म्हणून ११० मिलिमीटरचा स्टेम (हँडलबार सायकलला जोडणारा तुकडा) काढून ८० मिलिमीटरचा लावला. स्टेमचे ९०० आणि मजुरीचे २०० रुपये झाले. हँडलबारची टेप दुहेरी गुंडाळली, ५५० रुपये. दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदलण्याची सवय लावायची आहे : कधी वरच्या आडव्या दांड्यावर, कधी ब्रेकच्या डोक्यावर.

जुनी सायकल घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाणपातळी लावून सीट पाहावी. फोनमध्येही तशी सोय असते आणि ती फुकट आहे. मी हे ऑक्टोबरमध्ये केले असते, तर दोन आठवड्यांची मिळकत बुडाली नसती.

स्पर्श आता जवळपास पूर्ण परत आला आहे. मॅडमनी आधी काढलेल्या दातांवर, प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवून, माझ्याकडून स्केलिंग करून घेतले आणि मगच रुग्ण दिले.

त्या काळात मॅडमनी माझे बसणेही पाहिले आणि त्यावरही बोलल्या. वरच्या दाढा पाहताना मी मान खाली घालून, एका बाजूला तिरकी करून तोंडात डोकावत होते. सायकलवर मान उलटीकडे, वर उचललेली असते. दिवसभर एकीकडे आणि पहाटे दुसरीकडे, असे मानेचे हाल चालले होते, आणि रात्री अभ्यासाच्या टेबलाशी पुन्हा खाली. आता वरच्या दाढांसाठी रुग्णाची खुर्ची पूर्ण आडवी करते आणि आरशात पाहून काम करते. रुग्णाचे तोंड माझ्या कोपराच्या उंचीला येईल इतकी खुर्ची वर घेते. आरशातून काम कॉलेजात शिकवलेले होते, पण घाईत मी ते टाळत असे. अभ्यासाला पुस्तक तिरके ठेवण्यासाठी लाकडी घोडी आणली, २२० रुपये. सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेली वस्तू हीच असेल.

२९ डिसेंबर, रविवार

६० किलोमीटर, बार्शी रस्त्याने नान्नजच्या पुढे. बोटे ठीक.

उसाचा हंगाम जोरात आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस रस्त्याच्या निम्म्यापर्यंत बाहेर लोंबतो आणि सांडलेल्या कांड्या पहाटेच्या अंधारात दिसत नाहीत. ओल्या कांडीवरून पुढचे चाक घसरले. पडले नाही, पण बाबांनी मागून पाहिले आणि त्या दिवसापासून साडेसहाच्या आत निघायचे नाही असे ठरले. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फेरी लहान होते. ते पत्करले.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापुरातील सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, झाली. नंदीध्वज, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरची गर्दी या दिवसांत सिद्धेश्वर परिसरातील रस्ते बंद असतात आणि घरात पाहुणे असतात. या आठवड्यात अभ्यास व सायकल दोन्ही जवळपास शून्य झाले. ते आधीच धरून ठेवले होते म्हणून त्याचा त्रास झाला नाही.

त्रास परीक्षेच्या तारखेचा झाला. ३१ जानेवारी ही तात्पुरती तारीख होती. निम्मा जानेवारी गेला आणि अर्ज भरणे सुरूच झालेले नाही, म्हणजे परीक्षा पुढे गेली हे उघड आहे. माझी सगळी आखणी 'आधी परीक्षा, मग ब्रेव्हे' अशी होती. आता ब्रेव्हे अभ्यासाच्या ऐन मध्यावर येते आणि परीक्षा सोलापूरच्या उन्हाळ्यात जाते. ब्रेव्हे रद्द करावी असे बाबांचे मत होते. मी तसे केले नाही, कारण सायकलीचा सराव तयार होत आलेला होता आणि फेब्रुवारीनंतर उन्हामुळे तो जमणार नव्हता. अभ्यासाची मांडणी तेवढी बदलली : २३ फेब्रुवारीपर्यंत पहिल्या भागाचे विषय, म्हणजे शरीररचना, शरीरक्रिया, जैवरसायन, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि दंतसाहित्य, ब्रेव्हेनंतर दवाखान्याशी जोडलेले विषय. कारण व्यावहारिक आहे. पाठांतराचे विषय थकलेल्या दिवशीही थोडे-थोडे पुढे सरकतात. प्रोस्थो (कृत्रिम दात) किंवा ऑर्थोचा (वाकडे दात सरळ करणे) लांबलचक प्रश्न थकलेल्या डोक्याने वाचला, तर तो वाया जातो.

फेरीच्या वेळी कानात स्वतःच्या आवाजातील टिपणे लावून पाहिली. एक बसचालक हॉर्न वाजवत असताना तो मला ऐकूच आला नाही. इअरफोन परत कपाटात.

९ फेब्रुवारी, रविवार

विजापूर रस्त्याने तेरामैल, टाकळी, भीमेचा पूल ओलांडून धूळखेड आणि पुढे झळकीच्याही पलीकडे, परतून १५० किलोमीटर. ब्रेव्हे याच रस्त्याने विजयपूरपर्यंत आणि परत आहे, म्हणून हा सराव. रस्ता चौपदरी आहे, कडेची पट्टी रुंद आहे, सावली मात्र जवळपास नाही.

खाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण दंतवैद्यांनी तरी याकडे नीट पाहिले पाहिजे. पहिल्या फेऱ्यांना मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेत असे, सोलापूरच्या माणसाला दुसरे काय सुचणार. घरात ती कितीही चांगली लागली तरी कोरड्या पडलेल्या तोंडात गिळवत नाही. एका घासाला अर्धी बाटली पाणी जाते. त्यानंतर लिंबू-साखर-मिठाचे पाणी दोन्ही बाटल्यांत भरून तासन् तास घोट-घोट घेऊ लागले, आणि काही आठवड्यांत वरच्या पुढच्या दातांना थंड पाणी झोंबू लागले. इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते, आणि लिंबाचे पाणी त्याच्या बरेच खाली असते. घामाने लाळही कमी झालेली असते, त्यामुळे ते आम्ल धुऊन निघत नाही. वर दर पाच मिनिटांनी नवा घोट. रुग्णांना शीतपेयांबद्दल जे मी रोज सांगते, ते स्वतः सायकलवर बसून करत होते.

आता एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापानेच, आणि दुसरीत साधे पाणी. ओआरएसनंतर साध्या पाण्याचा घोट तोंडात फिरवून गिळायचा. घरी पोहोचल्यावर लगेच दात घासायचे नाहीत. मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश लागू नये म्हणून तास-अर्धा तास थांबायचे. खाण्यासाठी शेंगापोळी, चतकोर तुकडे करून. ती मऊ असते, खिशात चुरा होत नाही आणि गूळ-शेंगदाणे दोन्ही पोटात जातात. शेंगापोळी दातांना चिकटते हे मला मान्य आहे. म्हणूनच साधे पाणी.

आज परतल्यावर दुपारी सरावपरीक्षा दिली आणि ती वाया गेली, गुण लिहिण्यासारखे नाहीत. लांब फेरीच्या दिवशी परीक्षा ठेवू नये, फार तर औषधांची नावे उजळावीत. परीक्षा शनिवारी दुपारी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्जाची मुदत सुरू झाली आणि अर्ज भरला. परीक्षा १९ एप्रिलला. शनिवारच्या सरावपरीक्षेत ५२० गुण.

२३ फेब्रुवारी, रविवार

ब्रेव्हे पूर्ण झाली, १२ तास १० मिनिटांत.

सकाळी ६ ला सुरुवात झाली. दिवे आणि चमकणारी जाकिटे तपासूनच सोडले. ब्रेव्हेत मागे गाडी ठेवता येत नाही. मदत घ्यायची तर फक्त नेमलेल्या थांब्यांवर. त्यामुळे बाबा पहिल्यांदाच घरी राहिले आणि दर तासाला फोन करत राहिले, ते फोन मी थांब्यांवरच उचलले. थांब्यांच्या वेळा ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने बंद होतात, म्हणजे १०० किलोमीटरवरील विजयपूरचा थांबा १२.४० ला. मी ११.३५ ला कार्डावर शिक्का घेतला आणि तिथेच पाऊण तास बसले. हा वेळ जास्त झाला. पाय गार पडले, आणि उठल्यावर ऊन चढलेले होते. पुन्हा जाणार असेन तर तिथे वीस मिनिटांच्या वर थांबणार नाही आणि गोल घुमट दुरूनच पाहीन.

होर्तीच्या पुढे समोरचा वारा सुरू झाला. मी ज्यांच्या मागे होते, ते दोघे कन्नड बोलणारे होते; वाऱ्यात आळीपाळीने पुढे राहायचे, एवढे खुणेनेच ठरले. झळकीपासून धूळखेडपर्यंतचे अंतर सर्वांत जड गेले. त्या भागात मी हातांची जागा बदलायला विसरले आणि उजव्या करंगळीला मुंग्या आल्या. थांबून, सायकल सोडून, दोन्ही मनगटे मागे वळवली, पाच मिनिटे चालले, आणि उरलेले अंतर शक्यतो वरच्या दांड्यावर हात ठेवून काढले. पुलाजवळ माझी मागची ट्यूब गेली, पुन्हा काटाच. या वेळी तो आधी शोधला.

संध्याकाळी ६.१० ला पोहोचले. आईने पिठले-भाकरी केली होती, पण ती खाण्याआधीच मी झोपले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सोमवारी मुद्दाम सुट्टी घेतली होती. आज दवाखान्यात जाण्यापूर्वी कापसाने आणि कागदाने पुन्हा तपासणी केली. दोन्ही हात सारखे. मॅडमनी तरीही पहिल्या रुग्णाला फिलिंग दिले, स्केलिंग नाही. ते योग्यच होते.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी उभारून झाल्यावर कुंभारीपर्यंत जाऊन आले, बाकी महिनाभर सायकल जवळपास उभीच आहे. सकाळी आठनंतर रस्त्यावर राहवत नाही. सराव कमी झाल्याचे वाईट वाटले तरी त्याचा एक फायदा झाला : साडेअकरा ते साडेपाच अशी सहा तासांची झोप आता सलग मिळते, आणि सरावपरीक्षेत वाचण्याच्या घाईने होणाऱ्या चुका जवळपास थांबल्या. गुण ५४० ते ५६० च्या दरम्यान आहेत. ऑर्थो अजून कच्चे आहे.

दुपारी अभ्यासाच्या खोलीत पंख्याचा वारा गरम लागतो. कूलरला पाणी लागते आणि पाणी पाच दिवसांवर असते, म्हणून सरावपरीक्षा आता दवाखान्यातच देते; मॅडमनी एसी लावायची परवानगी दिली आहे. तिथे प्रतीक्षा कक्षातील सोफ्यावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला, तर मान पुन्हा खाली जाते, म्हणून घोडी तिथे नेऊन ठेवली.

२१ एप्रिल, सोमवार

परीक्षा झाली. केंद्र पुण्यात होते. आदल्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन मावशीकडे राहिले. पहिल्या भागात वेळ पुरला आणि शेवटची चार मिनिटे शिल्लक राहिली. दुसऱ्या भागात शेवटचे काही प्रश्न न वाचताच सोडून दिले, कारण तिथे अंदाजाने उत्तर देऊन वजा गुण ओढवून घेण्यापेक्षा ते सोडणे बरे वाटले. निकाल लागेल तेव्हा कळेल.

खर्च एकत्र मांडते. सायकल आणि सुरुवातीचे साहित्य ३२,४०० रुपये, स्टेम, टेप आणि मजुरी १,६५०, वाया गेलेले हातमोजे ८५०, अस्थिरोगतज्ज्ञ ६००, ट्यूब आणि पंक्चर यांवर साधारण १,८००, पुस्तकाची घोडी २२०. दवाखान्यातील बुडालेली दोन आठवड्यांची टक्केवारी यात धरलेली नाही, ती यातल्या सायकलखेरीज प्रत्येक आकड्यापेक्षा मोठी होती.

आज सकाळी सायकल बाहेर काढली तर पुढच्या चाकात हवा नव्हती. काटा नव्हता, झडपच सुटली होती.

ब्रेव्हेत सोबत असलेल्या दोघांनी ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी विचारले आहे. ती २० तासांची असते, म्हणजे रात्रीचे काही तास रस्त्यावर निघतातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, पुढे जूनपर्यंत ऊन. तेव्हा जुलै-ऑगस्टमधली एखादी असेल तरच नाव देईन, असे त्यांना कळवले आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही.